भोंगऱ्या म्हणजे ‘व्हॅलेंटाइन’ नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

होळी जवळ आली की मोबाइलवर दोन विनोद हमखास फिरू लागतात. एक भोंगऱ्या बाजाराचा, ‘आदिवासींचा व्हॅलेंटाइन, आवडली ती पळवली’. दुसरा होळीत अंगभर पांढरे ठिपके काढून नाचणाऱ्या आदिवासी ‘बावा’च्या फोटोखालचा, ‘भाऊ, आंघोळ कधी?’ पहिला तर वर्तमानपत्रांत मथळा होऊनही छापून येतो, म्हणून हे पत्र.

भोंगऱ्या हा होळीचा बाजारहाट. होळीआधीच्या आठवड्यात, धडगाव, शिरपूर, चोपडा या तालुक्यांतल्या सातपुड्यालगतच्या गावांत, ज्या गावाचा आठवडे बाजाराचा जो वार त्याच वारी तो भरतो. डाळ्या, फुटाणे, गूळ, खजूर, साखरेचे हारकंगन घ्यायचे. त्यातलं काही होळीला वाहायचं, बाकी घरात वाटायचं. ढोल घुमतात, पोरं-पोरी नटून येतात, ओळखी होतात. सारंगखेड्याच्या यात्रेत सोयरिकीच्या गोष्टी निघत नाहीत का? तिला कोणी पळवापळवीचा बाजार म्हणत नाही. आदिवासी संघटना या शिक्क्याला अनेक वर्षांपासून हरकत घेत आहेत.

आता आंघोळीचं. बावा-बुध्या होणारा माणूस सोंग घेत नसतो, नवस फेडत असतो. त्याला पाळणी असते, साधारण पाच दिवसांची, कुठे त्याहून जास्त. खाटेवर बसायचं नाही, पायात काही घालायचं नाही, बाईमाणसाचा स्पर्श टाळायचा आणि आंघोळही करायची नाही. कमरेला वाळवलेले दुधी भोपळे आणि घुंगरू, डोक्यावर बांबूच्या कामट्यांचा मोरपिसांनी सजवलेला टोप, अंगावर राखेचे नाहीतर तांदळाच्या पिठाचे ठिपके. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीत असे शेकडो जण रात्रभर नाचतात आणि होळी पेटते ती पहाटे. ही परंपरा १२४६ पासूनची सांगतात. म्हणजे ज्याला आपण अस्वच्छपणा समजून हसतो, तेच त्याचं व्रत. उपवासाच्या दिवशी एखाद्याला ‘घरात दाणे नाहीत का’ म्हणून चिडवण्यासारखं हे आहे.

‘थट्टाही सहन होत नाही का?’ असं लगेच विचारलं जातं. खान्देशाला थट्टा कोणी शिकवायला नको. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन गावांच्या पोरी नदीच्या दोन काठांवर उभ्या राहून गाण्यांतून एकमेकींचा उद्धार करतात, आणि त्या शिव्या काही सोवळ्या नसतात. पण तिथे दोन्ही काठांना पाळी मिळते, आणि गौराई बोळवली की तोंडं बंद. ऑफिसच्या साठ जणांच्या ग्रुपात एकटा पावरा आदिवासी शिपाई असतो. त्याने कोणत्या काठावरून उत्तर द्यायचं? तो अंगठ्याची इमोजी टाकून गप्प बसतो, आणि बाकीचे समजतात त्यालाही मजा आली.

व्हॉट्सॲपवर असा मेसेज चुकून गेलाच, तर पाठवणाऱ्याला साधारण अडीच दिवसांपर्यंत तो सगळ्यांच्या मोबाइलवरून काढता येतो. ॲडमिनला दुसऱ्याचाही काढता येतो. पुढे गेलेल्या प्रती मात्र तशाच राहतात, म्हणून नुसतं पुसून भागत नाही. ज्या ग्रुपात टाकला त्याच ग्रुपात लिहावं लागतं. ‘कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ ही सुरुवात टाळावी; त्यात चूक समोरच्याच्या नाजूकपणाची ठरते. ‘भोंगऱ्याबद्दल मी चुकीचं पाठवलं, तो होळीचा बाजार आहे’ इतकं पुरे. त्या एकट्या माणसाला वेगळं गाठून ‘तुला राग नाही ना आला?’ विचारू नये. तो ‘नाही’च म्हणणार.

आपल्या छायाचित्रकारांनाही सांगावं: फोटोखालच्या ओळीत गावाचं नाव आणि रूपाचं (बावा, बुध्या) नाव द्या, ‘रंगीबेरंगी वेशभूषा’ नको. फोटोआधी गेरसोबतच्या, म्हणजे नाचणाऱ्यांच्या ताफ्यासोबतच्या, जाणत्या माणसाला विचारा, आणि पाळणीतल्या माणसाच्या खांद्यावर हात टाकून सेल्फी काढू नका.

— धडगाव परिसरातील काही वाचक, जि. नंदुरबार