रुग्णसेवा न सोडता डॉक्टरेट करता यावी

मा. संपादक यांस,

ठाण्यातील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात मी परिसेविका आहे. एम.एस्सी. नर्सिंग झालेल्या माझ्या सहकाऱ्यांना पुढे शिकायचे असल्यास रूढ वाट पीएच.डी.ची; आणि ती पदवी मिळाली की बहुतेक जणी अध्यापनाकडे वळतात. महाविद्यालयांना त्यांची गरज आहेच, परंतु इतक्या वर्षांचा अनुभव वॉर्डातून निघून जातो, याचे मनापासून वाईट वाटते.

अमेरिकेत यासाठी ‘डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस’ ही वेगळी पदवी आहे. प्रगत परिचर्येचे शिक्षण डॉक्टरेटच्या पातळीवर न्यावे, अशी भूमिका तेथील नर्सिंग महाविद्यालयांच्या संघटनेने २००४ मध्ये घेतली आणि पुढे बी.एस्सी.नंतरच्या किमान १००० तासांच्या प्रात्यक्षिकाचा निकष ठरवला. पीएच.डी.त नवे ज्ञान शोधायचे असते. या पदवीत सिद्ध झालेले ज्ञान रुग्णापर्यंत पोहोचवायचे असते. व्हेंटिलेटरवरील रुग्णाला होणारा न्यूमोनियाच घ्या. खाटेची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली ठेवणे, तोंडाची निगा राखणे, गुंगीचे औषध कमी करता येते का हे रोज पाहणे, हे सारे आम्हाला ठाऊक असते; मात्र मनुष्यबळ अपुरे असताना, विशेषतः रात्रपाळीत, यातले नेमके काय सुटते आणि ते सुटू नये म्हणून कामाची घडी कशी बसवावी, हे त्याच विभागात नोकरी करणारी परिचारिका जितके नेमके तपासू शकेल, तितके बाहेरून आलेल्या अभ्यासकाला जमणे कठीण आहे.

भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता परिचर्येसाठी दोन वर्षांचा ‘नर्स प्रॅक्टिशनर’ पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला, त्यात भर प्रत्यक्ष रुग्णसेवेवरच आहे. त्याची पुढची पायरी म्हणून प्रॅक्टिस डॉक्टरेटचा विचार व्हावा. परिचर्या शिक्षणाचे नियमन करणाऱ्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, त्यामुळे हा विचार करायला ही योग्य वेळ आहे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने यासाठी पुढाकार घ्यावा, अशी माझी विनंती आहे.

नुसता अभ्यासक्रम आखून मात्र भागणार नाही. रात्रपाळी संपवून ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने नेरूळच्या महाविद्यालयात जाणारी परिचारिका आयत्या वेळी ड्युटी बदलली की तासिकेला मुकते. रुग्णालयांनी अशा विद्यार्थिनींची पाळी महिनाभर आधी ठरवावी, आठवड्यातून एक दिवस अभ्यासासाठी द्यावा आणि पदवीनंतर वॉर्डातच वरचे पद व त्याला साजेशी वेतनश्रेणी ठेवावी. यातली शेवटची गोष्ट सर्वांत निकडीची आहे, कारण ती नसेल तर ही पदवी घेऊनही त्यांना वॉर्ड सोडावाच लागेल.

— एक परिसेविका, ठाणे