नुसतं 'लॉर्ड एल्गिन' लिहू नका, कितवे तेही लिहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत मुंबईतल्या प्लेगवरचा लेख वाचला, लेख मेहनतीने लिहिलाय, पण त्यात एका ठिकाणी म्हटलंय की चीनच्या बादशहाचा उन्हाळी राजवाडा ज्यांनी जाळायला लावला तेच लॉर्ड एल्गिन १८९६ ला प्लेग आला तेव्हा व्हाइसरॉय होते. हे साफ चुकीचं आहे. राजवाडा जाळायचा हुकूम १८६० मध्ये देणारे एल्गिन १८६२ ला व्हाइसरॉय झाले आणि पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये धर्मशाळेला वारले, त्यांची कबर तिथल्या चर्चच्या आवारात आहे. प्लेगच्या वेळचे एल्गिन म्हणजे त्यांचा मुलगा, १८९४ ते १८९९ चे व्हाइसरॉय, ज्यांच्या काळात टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला चालला. बाप गेला तेव्हा हा मुलगा १४ वर्षांचा होता, त्याच्या नावावर पेकिंगची जाळपोळ लावणं हा त्याच्यावरही अन्यायच आहे.

घोळ का होतो ते समजतं. एल्गिन हे आडनावच नाही, आडनाव ब्रूस. एल्गिन हा स्कॉटलंडमधला किताब, अर्ल ऑफ एल्गिन, आणि असा किताब एका वेळी घरातल्या एकाच माणसाकडे असतो, तो गेला की वारसाकडे, बहुतेक वेळा थोरल्या मुलाकडे जातो, आणि त्या दिवसापासून जग त्यालाही लॉर्ड एल्गिनच म्हणायला लागतं. म्हणून तिकडे आकडा लावतात. सातवे अर्ल थॉमस ब्रूस, अथेन्सच्या पार्थेनॉनवरची शिल्पं काढून नेणारे, ती त्यांनी १८१६ मध्ये ३५,००० पौंडांना सरकारला विकली आणि आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आठवे त्यांचा मुलगा जेम्स, चीनवाले. नववे नातू व्हिक्टर, प्लेगवाले. आजोबा, मुलगा, नातू, तिघांची तीन वेगळी कामं, आणि आकडा काढला की तिघांचा मिळून एकच माणूस होतो जो शंभर वर्षं जगून सगळीकडे काहीतरी उचलतोय नाहीतर जाळतोय!

मिंटोंचंही तेच. १८०७ ते १८१३ चे गव्हर्नर जनरल मिंटो पहिले अर्ल, आणि १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांमधले मिंटो चौथे, म्हणजे पहिल्यांचे पणतू. आपण बाजीराव लिहिताना पहिले की दुसरे हे न चुकता लिहितो, कारण शनिवारवाड्यातून अटकेकडे बघणारा काळ आणि बिठूरचा काळ एक करायचा नसतो, मग इथे का नाही?

उलटा घोळही आहे आणि तो मला जास्त त्रासदायक वाटतो, कारण तो आकड्यानेही सुटत नाही. लॉर्ड रॉबर्ट सेसिल, व्हायकाउंट क्रॅनबोर्न आणि लॉर्ड सॅलिसबरी ही तीन नावं एकाच माणसाची. धाकटा मुलगा म्हणून आधी लॉर्ड रॉबर्ट, १८६५ मध्ये थोरला भाऊ वारल्यावर वारस म्हणून क्रॅनबोर्न, आणि १८६८ मध्ये वडील गेल्यावर तिसरे मार्क्विस ऑफ सॅलिसबरी. १८६६ ला भारतमंत्री झालेले क्रॅनबोर्न आणि १८७४ ला भारतमंत्री झालेले सॅलिसबरी हे दोन मंत्री समजून लिहिलेलं मी वाचलंय. वारसाला वडील हयात असताना जो किताब वापरायला मिळतो तो नुसता मानाचा असतो, त्याने लॉर्ड्सच्या सभागृहात जागा मिळत नाही, म्हणूनच तर क्रॅनबोर्न म्हणवत असताना हे गृहस्थ निवडून येऊन कॉमन्समध्येच बसत होते.

तर विनंती एवढीच आहे की असा किताब आला की पहिल्या उल्लेखात आकडा किंवा मूळ नाव द्या, 'नववे लॉर्ड एल्गिन' किंवा 'व्हिक्टर ब्रूस, लॉर्ड एल्गिन', आणि तेवढी जागा नसेल तर कारकिर्दीची सालं तरी. शाळेतली मुलं तुमची कात्रणं वहीत चिकटवतात, त्यांच्या वहीत चुकीचा एल्गिन राहायला नको. मागच्या रविवारच्या वाक्याची दुरुस्तीही येत्या पुरवणीत छापा, शक्यतो त्याच पानावर.

आपला,
एक जुना वाचक