निबंध आधी कोण उघडतो?

महोदय,

'ब्रिटिश मेडिकल जर्नल' हे वैद्यकीय नियतकालिक १८४० चे. त्याला पहिली स्त्री संपादक, फिओना गॉडली, मिळाली २००५ मध्ये. १८८३ च्या 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकातही हे घडायला २००० साल उजाडले. उशिरा का होईना, दार उघडले. पण संपादक कोणत्या देशांतले, या भूगोलाचे काय? सर्पदंशाने दरवर्षी किमान ८१ हजार माणसे दगावतात, बहुतेक आशिया-आफ्रिकेतली, त्यात शेतात अनवाणी राबणारी कितीतरी. त्यावरचा शोधनिबंध लंडन-बोस्टनच्या संपादकांच्या टेबलावर गेला, की 'विषय स्थानिक स्वरूपाचा' या एका ओळीनिशी, परीक्षकांकडे न जाताच परत येऊ शकतो. सल्लागार मंडळात चार परदेशी नावे छापणे ही निव्वळ शोभा. लिफाफा फोडणाऱ्या खुर्च्यांवर कोणत्या देशांतले किती स्त्री-पुरुष आहेत, हे नियतकालिकांनी दरवर्षी छापावे.

— एक डॉक्टर वाचक