सुहासला, रायफल घेण्याआधी

पिट्सबर्ग,
रविवार रात्र

प्रिय सुहास,

फोनवर तू घाईत होतास आणि हा विषय घाईत बोलण्यासारखा नाही, म्हणून बसून लिहितोय. पहिली रायफल रुगर घ्यावी की मार्लिन, याचं आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. रुगर 10/22 घे. दुकानात बघून आलेली ती जुनी मार्लिन मॉडेल 60 तिथेच राहू दे, भले ती तुला निम्म्या किमतीत मिळत असेल.

ती तुझ्या मनात का भरली हे मला कळतं. लांब नळी, लाकडी दस्ता, खांद्याला लावली की बरोबर बसते. तू फोटो पाठवलास तेव्हा मलाही कॉलेजातल्या एनसीसीच्या रायफली आठवल्या. पोटावर पडायचं, उस्ताद 'शिस्त लो' म्हणायचे आणि आपण श्वास रोखून माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचं निशाण, काळ्या ठिपक्याखाली आणायचो. ती बोल्टवाली पॉइंट टू-टू (0.22 इंच व्यासाच्या गोळीची) होती, प्रत्येक गोळीला बोल्ट, म्हणजे गोळीमागचा सरकता दट्ट्या, मागेपुढे करायला लागायचा. काडतूस मात्र तेव्हाही हेच होतं, पॉइंट टू-टू लाँग रायफल. 1887 पासून ते बाजारात आहे. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली ती याच काडतुसावर, आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये 1 ऑगस्ट 2024 ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ब्राँझ घेतलं तेही याच्यावरच. त्यांच्या रायफली अर्थातच वेगळ्या, एका वेळी एकच गोळी भरायच्या आणि आपल्या दोघांच्या गाड्या विकल्या तरच परवडतील अशा. पण तू परत नेमबाजीकडे वळायचं म्हणतोयस आणि या काडतुसापासून सुरुवात करतोयस, याचा मला मनापासून आनंद झालाय. धक्का नाही, आवाज बेताचा, गोळी काही सेंटला मिळते. चुकत चुकत शिकायला याच्याइतकं स्वस्त दुसरं काही नाही.

आता मार्लिनबद्दल. तिची बाजू मी आधी मांडतो, कारण तिच्यावर अन्याय करायचा नाही. ही रायफल 1960 पासून बनत आली आणि एक कोटीच्या वर खपली. इथल्या कितीतरी घरांत मुलांच्या हातात पहिली रायफल हीच आली. नळीच्या आत मार्लिनच्या 'मायक्रो-ग्रूव्ह' खाचा आहेत, उथळ आणि तब्बल 16. इतरांच्या बहुधा चार-सहा असतात. कारखान्यातून आली तशी, काही न बदलता, 50 यार्डांवर ती फार सुरेख गोळ्या घालते, आणि या बाबतीत नव्या कोऱ्या रुगरला ती सहज टक्कर देते. 1985 नंतरच्या मार्लिनमध्ये शेवटची गोळी सुटली की बोल्ट आपोआप मागे उघडा राहतो, त्यामुळे संपलं हे लगेच कळतं. रुगरमध्ये ही सोय नाही. दहावी गोळी गेली की अकराव्या वेळी नुसता 'टक' आवाज येतो. म्हणजे रुगर प्रत्येक बाबतीत सरस आहे असं मी म्हणत नाहीये.

मग अडतं कुठे? गोळ्या जिथे राहतात तिथे.

मार्लिनच्या नळीखाली दुसरी एक नळी असते, तेच तिचं मॅगझिन. आतली पितळी नळी वर ओढायची, बाहेरच्या नळीला काडतुसाच्या आकाराचं भोक आहे त्यातून एकेक गोळी आत सोडायची, आणि पितळी नळी परत खाली दाबून फिरवून बसवायची. हे सगळं करताना तुझे हात नळीच्या तोंडाजवळ असतात. ही झाली पहिली गोष्ट. दुसरी त्याहून मोठी. ती रिकामी करायची असेल तर पितळी नळी काढून रायफल खाली वाकवायची, गोळ्या घरंगळत बाहेर येतात. पण एखादी आत अडकून राहू शकते, मॅगझिन आणि चेंबर (गोळी जिथून सुटते तो नळीचा मागचा कप्पा) यांच्यामधल्या, गोळी वर उचलणाऱ्या भागात. म्हणून नंतर बोल्ट परत परत ओढून, आत डोकावून खात्री करावी लागते. सवयीचा माणूस हे करतो. दमलेला, दिवसभर उन्हात उभा राहिलेला, 'चल, आवरू' म्हणणारा माणूस करेलच असं नाही.

रुगरचं मॅगझिन म्हणजे मुठीत मावणारी चौकोनी डबी. आतल्या फिरत्या चक्राभोवती दहा गोळ्या बसतात. डबी काढून बाकावर ठेवली की गोळ्या कुठे आहेत हे सगळ्यांना दिसतं. चेंबरमध्ये एक राहिलेली असू शकते, हे कधीही विसरायचं नाही. बोल्ट मागे ओढ, उघडा अडकव, डोळ्यांनी बघ, करंगळी घालून चाचप. एवढं झालं की रायफल रिकामी आहे हे तुला कळतं, आणि शेजारी उभ्या माणसालाही कळतं. सुहास, तुझ्या घरात तुझी लेक ऋचा आहे आणि तिला रेंजवर यायचंय. तिला शिकवताना पहिली गोष्ट तू हीच शिकवणार ना, की रिकामी आहे असं समजायचं नाही, बघायचं? मग ज्या रायफलमध्ये ते बघणं सोपं आहे ती घे. बाकी सगळे मुद्दे मी यानंतरचे मानतो.

वैशालीवहिनींची अट तू थोडी कुरकुरत सांगितलीस, की लोखंडी कपाट आधी येईल, रायफल नंतर, आणि गोळ्या वेगळ्या कुलपात. मला ती शंभर टक्के पटते. या देशात रोज बातम्यांत काय येतं ते त्या वाचतात, तूही वाचतोस. त्यांना समजवायला जाऊ नकोस, कपाट घेऊन ये. मार्लिन घेऊन जे पैसे वाचणार होते त्यात बरंचसं कपाट येतं असं तू म्हणशील. मग रुगर एक महिना उशिरा घे, पण कपाट आधी.

दुसरा मुद्दा सुट्या भागांचा. मार्लिन कंपनीचं काय झालं ते तुला माहीत असेल-नसेल. कनेक्टिकटमधल्या नॉर्थ हेवनला तिचा कारखाना होता. रेमिंग्टनने कंपनी घेतली, 2011 ला तो कारखाना बंद झाला, काम दुसऱ्या राज्यांत हललं. 2020 ला रेमिंग्टनचंच दिवाळं निघालं आणि लिलावात मार्लिन कोणी घ्यावी, तर रुगरने! रुगरने मार्लिनच्या लिव्हरवाल्या रायफली पुन्हा काढल्या, मॉडेल 60 मात्र परत आलेली नाही. म्हणजे तू जी घेशील ती वापरलेलीच असणार. या रायफलीत बोल्टच्या मागे एक प्लॅस्टिकचा बफर असतो, तो तेलाने आणि वयाने पिवळा पडून तुकडे होतो. भाग बाहेर मिळतो, बदलणंही अवघड नाही, पण दुकानात काउंटरवर उभं राहून तो दिसत नाही. माझ्या शेजाऱ्याकडे वडिलांची मार्लिन आहे, तो ती जीव लावून जपतो आणि ती उत्तम चालते. त्याला ती वारसाने मिळालीय. तू नव्याने सुरुवात करतोयस.

रुगर 1964 पासून आजतागायत बनतेय. तिची रचना अशी की नळी दोन स्क्रूंवर बसलेली, ट्रिगरचा सगळा संच दोन पिना काढल्या की हातात येतो. बाजारात मिळत नाही असा तिचा भाग नाही. सुरुवातीला त्यातलं काहीही घेऊ नकोस. लोक तीन-साडेतीनशे डॉलरची रायफल घेतात आणि तिच्यावर हजार डॉलरचे दागिने चढवतात. तुला गोळ्या लागणार आहेत, दागिने नाहीत. एक जास्तीचं मॅगझिन, एक साधा पट्टा, कानाला आणि डोळ्यांना चांगलं संरक्षण, बस्स. 40 ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) वजनाच्या हाय-व्हेलॉसिटी, म्हणजे जास्त वेगाच्या, गोळ्यांच्या दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या पेट्या घे आणि 50 यार्डांवर कागदावर बघ कुठली जवळजवळ पडते. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. या दोन्ही रायफली सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे ट्रिगर ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप भरते. त्यात बोल्ट मागे ढकलतं ते गोळीचंच बळ, त्यामुळे फार कमी वेगाची गोळी भरलीस तर रायफल अडखळू शकते. हा दोष रायफलीचा धरू नकोस.

एक बदल मात्र पुढेमागे करावाच लागेल. आपली चाळिशी उलटलीय. जवळचा चष्मा लागलेल्या डोळ्याला मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य ही तिन्ही एकदम स्पष्ट दिसत नाहीत. आधी एनसीसीत शिकवलं तसं फक्त माशीवर नजर ठेवून बघ. नाहीच जमलं तर छोटी दुर्बीण लाव. रुगरच्या वरच्या बाजूला त्यासाठी भोकं पाडलेलीच असतात आणि पट्टीही सोबत मिळते.

तू ओहायोत आहेस याचा मला हेवा वाटतो. लेक एरीच्या काठावर पोर्ट क्लिंटनजवळ कॅम्प पेरी आहे. 1907 पासून तिथे राष्ट्रीय सामने होतात. उन्हाळ्यात तिथे सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम या सामान्य नागरिकांसाठीच्या नेमबाजी संस्थेचा रिमफायर स्पोर्टर सामना असतो, आणि तो अगदी तुझ्या-माझ्यासारख्यांसाठी आहे. साधी पॉइंट टू-टू, वजन साडेसात पौंडांच्या आत, ट्रिगरचा दाब निदान तीन पौंड. झोपून, बसून आणि उभं राहून, 50 आणि 25 यार्डांवर. त्यात जलद फैरीही असतात, पाच-पाच गोळ्यांच्या, ठरलेल्या सेकंदांत. सहावीपासूनची मुलं आणि सत्तरीचे आजोबा शेजारी-शेजारी पडलेले असतात. एक लक्षात ठेव. रुगरचा कारखान्यातून येणारा ट्रिगर जड असतो, म्हणून बरेच जण त्यांचाच हलका बीएक्स-ट्रिगर बसवतात. तो अडीच ते तीन पौंडांचा असतो. सामन्यात वजन लटकवून तपासतात, आणि तीनच्या खाली निघाला की खेळता येत नाही. म्हणून घाईने तोही बदलू नकोस.

त्याआधी शिकायला ॲपलसीड या रायफल शिकवणाऱ्या उपक्रमाच्या एखाद्या शनिवार-रविवारच्या शिबिराला जा. 25 मीटरवर शिकवतात, पट्टा हाताला कसा गुंडाळायचा इथपासून, आणि मधल्या वेळात अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं त्या 19 एप्रिल 1775 च्या लढाईची गोष्ट सांगतात. शेवटी एक चाचणी असते, 250 पैकी 210 आले तर 'रायफलमन'चा बिल्ला. त्या चाचणीत मधेच मॅगझिन बदलायचं असतं, आधी दोन गोळ्या, मग आठ, घड्याळ चालू असताना. तिथे नळीवाल्या मॅगझिनने तारांबळ उडते. शिबिरात आजूबाजूला बघशील तर निम्म्याहून जास्त हातांत रुगरच दिसेल, त्याचं हे एक कारण.

कायद्याचं थोडं सांगतो, कारण आपल्या माणसांत याबद्दल फार ढिसाळ बोललं जातं. तुझं ग्रीन कार्ड आलंय, तू घेऊ शकतोस. दुकानात फॉर्म 4473 भरायचा, ते तुझी चौकशी यंत्रणेत नाव घालून तपासतात. ओळखपत्रावरचा पत्ता चालू असायला हवा. तू घर बदललंस, लायसन्सवर पत्ता बदललायस का ते बघ. 'तूच तिकडे घे आणि मला दे' असं तू सहज म्हणालास, ते होणार नाही. दुसऱ्यासाठी म्हणून आपल्या नावावर घेणं हा केंद्राच्या कायद्याने गुन्हा आहे, आणि राज्याबाहेरच्या माणसाला थेट देताही येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुझा मेहुणा नितीन एच-वन-बीवर आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर त्याच्यासारख्या नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या बाळगणंही गुन्हा आहे, नुसतं विकत घेणं नाही. त्याला हौसेने रेंजवर नेऊन हातात देऊ नकोस आणि तो तुमच्याकडे राहायला असेल तेव्हा कपाटाची किल्ली त्याच्या हाताला लागेल अशी ठेवू नकोस. त्याचं पुढचं सगळं आयुष्य त्या व्हिसावर उभं आहे. आणि न्यू जर्सीला बदली होण्याची तुझी जी चर्चा चाललीय, ती खरी झाली तर निघण्याआधी मला फोन कर. तिथे नियम फार वेगळे आहेत. नळीत 15 हून जास्त गोळ्या मावणारी जुनी मार्लिन तिथे 1990 च्या कायद्याने थेट 'असॉल्ट फायरआर्म', म्हणजे लष्करी हल्ल्याच्या बंदुकांच्या गटातली, ठरली होती, एवढ्यावरून अंदाज कर.

आणखी एक, ऋचासाठी. या गोळ्या शिशाच्या असतात. रेंजवर खाणं-पिणं नको, परतताना साबणाने हात आणि तोंड धुवायचं, ते कपडे वेगळे धुवायचे. तिचा नेम तुझ्याआधी अचूक लागला तर तिला ते कबूल करायचं मोठ्या मनाने.

कोलंबसजवळ डेलावेअर वाइल्डलाइफ एरियात राज्याची सार्वजनिक रेंज आहे, परमिट काढावं लागतं. सुरुवात तिथे कर. थँक्सगिव्हिंगला आम्ही तिकडे येतोच आहोत. तोवर कपाट भिंतीला बोल्ट मारून बसवून ठेव, आणि दुकानात जायच्या आदल्या दिवशी मला फोन कर. मी सोबत यायला तयार आहे, फक्त फॉर्म तुझा तूच भरायचास.

वहिनींना नमस्कार, ऋचाला आशीर्वाद.

तुझा,
विनय