बाई, मांडवातल्या त्या तीन मिनिटांच्या अंधाराबद्दल

आदरणीय बाई,

साष्टांग नमस्कार.

तुमच्या नातीच्या लग्नाला आज बारा दिवस झाले. अल्बमसाठी फोटो निवडायला रोज बसते आणि झालीच्या, म्हणजे दिव्यांची दुरडी डोक्यावर धरून मुलगी सासरच्यांच्या हवाली करतात त्या विधीच्या, एका फोटोपाशी येऊन थांबते. डोळे भरून येतात, समोरचं दिसेनासं होतं. तुम्हाला फोन लावायचं दोनदा ठरवलं, पण बोलायला लागले की गळा दाटून येतो. म्हणून लिहिते आहे, आणि सगळ्यांसमोर लिहिते आहे. माझ्यासारखी लग्नाच्या ऑर्डरी घेणारी कितीतरी मुलं-मुली आहेत, त्यांनाही तुम्ही कळायला हव्यात.

सात वर्षं मी लग्नाचे फोटो काढते. पहिली दोन-तीन वर्षं मजेत गेली. मग असं व्हायला लागलं की मांडवात पाऊल टाकायच्या आधीच सगळे फोटो डोक्यात तयार असायचे. मेंदीचे हात, जोडवी, नवरीनं मागे वळून बघायचं, नवऱ्यानं घड्याळ बांधायचं. मुलं मोबाईलवर कुणाचं तरी लग्न दाखवतात आणि म्हणतात, ‘ताई, सेम असाच पाहिजे.’ त्यांना कशाला दोष द्यायचा? आम्हीच त्यांना दुसरं काही दाखवलेलं नाही. राजस्थानातल्या महालातला फोटो कोरेगावच्या कार्यालयात जमवायला बघतो, धुराच्या कांड्या पेटवतो, आणि चार महिन्यांनी आपलंच काम उघडलं तर हे लग्न कुणाचं ते आठवत नाही.

शिकायला गेले नाही असं नाही. दोन सीझनची शिल्लक मोडून एका मोठ्या नावाच्या फोटोग्राफरची तीन दिवसांची कार्यशाळा केली. अठरा हजार रुपये भरले होते. भाड्यानं आणलेली मॉडेल नटून उभी, लाइट आधीच लावून ठेवलेले, आणि आम्ही चाळीस जण एकामागून एक तोच फोटो काढत होतो. शेवटच्या दिवशी मी हात वर करून विचारलं, ‘सर, तुम्हाला हे सुचतं कुठून?’ ते म्हणाले, ‘माझं पेज रोज बघत जा.’ सगळे हसले. मग त्यांचे प्रीसेट, म्हणजे फोटोला रंग चढवायच्या तयार सेटिंग्ज, कुठे विकत मिळतील ते सांगितलं आणि कार्यशाळा संपली. बाई, मी अगदी मनापासून विचारलं होतं हो. त्याआधी ज्या स्टुडिओत चार वर्षं राबले, तिथल्या मालकांनी माझे फोटो स्वतःच्या नावावर लावले आणि वर म्हणाले, ‘तू फक्त बटण दाबलंस.’ हे दोन्ही मनात इतकं खोल रुतलं होतं की यंदाच्या दिवाळीनंतर कॅमेरा विकायचा, असं ठरवूनच टाकलं होतं.

आणि केळवणाच्या दिवशी तुम्ही भेटलात. सगळं गाव तुम्हाला बाई म्हणतं, म्हणून मीही म्हटलं. तुम्ही शाळेत चित्रकला शिकवायचात, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवायचात, हे मला नंतर कळलं. तुम्ही कोपऱ्यात बसून माझ्याकडे बघत होतात. पंगत उठल्यावर जवळ बोलावलंत आणि कॅमेऱ्यातल्या एका फोटोवर बोट ठेवून विचारलंत, ‘हा तुला का काढावासा वाटला?’ मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही रागावला नाहीत. आत जाऊन ट्रंकेतून एक जुना कॅलेंडरचा कागद घेऊन आलात, घडीवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला.

निरांजन घेतलेली बाई. मी लगेच म्हटलं, ‘रविवर्मा.’ तुम्ही हसलात. ‘सगळे तेच म्हणतात. हे आपल्या सावंतवाडीच्या हळदणकरांचं आहे. मूळ चित्र म्हैसूरला, जगनमोहन पॅलेसमध्ये. जलरंगातलं. आणि ही त्यांची स्वतःची मुलगी, गीता.’ मग म्हणालात, ‘चेहरा नंतर बघ. आधी तिचा हात बघ.’ वाऱ्यानं ज्योत हलू नये म्हणून आडवा धरलेला तळवा, आणि बोटांच्या कडांतून लालसर उजेड आरपार आलेला. लहानपणापासून ते चित्र किती घरांत पाहिलं असेल, पण उजेड माणसाच्या कातडीतून असा झिरपतो हे मला त्या दिवशी दिसलं.

पुढच्या आठवड्यात तुम्ही मला औंधला नेलंत. रहिमतपूरवरून एसटीनं, तुमचे गुडघे दुखत असताना. मी सातारा जिल्ह्यातली, यमाईच्या दर्शनाला दहा वेळा गेलेली, पण डोंगरावरच्या त्या संग्रहालयात कधी शिरले नव्हते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, त्यांनी 1938 साली ते उभं केलं, हे तुम्ही चढणीवर थांबत थांबत सांगितलंत. आत गेल्यावर मी सवयीनं कॅमेऱ्याला हात घातला, तर तुम्ही पिशवीची चेन लावून टाकलीत. ‘आज फक्त बघायचं. प्रत्येक चित्रात उजेड कुठून येतोय तेवढं मला सांगायचं.’

रविवर्म्यांच्या सैरंध्रीपुढे, दासी झालेल्या द्रौपदीपुढे, आपण किती वेळ उभ्या होतो! कीचकाकडे जावं लागणार, आणि पाय उचलत नाही. तुम्ही म्हणालात, ‘पाठवणीला तुम्ही सगळे डोळ्यांतलं पाणी टिपायला धावता. मुलीची मान बघ, खांदे बघ. पाऊल उंबऱ्यापाशी अडतं ते बघ.’ हेन्री मूरच्या त्या दगडी माय-लेकरापाशी मला उभं केलंत आणि विचारलंत, ‘आई कुठे संपते आणि मूल कुठे सुरू होतं, सांग.’ इंग्लंडच्या एवढ्या मोठ्या शिल्पकाराचं काम आमच्या खटाव तालुक्यात आहे, आणि आम्ही कल्पना शोधायला मोबाईल चाळत बसतो! परतीच्या गाडीत चित्रकार धुरंधरांचा विषय निघाला. कोल्हापुरात जन्मलेले, त्यांनीही लग्नं रंगवली. कॅमेरा घराघरांत नव्हता तेव्हा लग्नं कशी होती, हे आज त्यांच्या चित्रांत सापडतं. तुम्ही म्हणालात, ‘शंभर वर्षांनी कुणीतरी तुझ्या फोटोत हेच शोधणार आहे.’ त्या वाक्यानं मला रात्रभर झोप लागली नाही.

पण बाई, हे सगळं एका बाजूला आणि त्या रात्रीचं एका बाजूला.

गोरज मुहूर्त होता, त्यामुळे झालीची वेळ आली तेव्हा चांगलाच अंधार पडला होता. दुरडीत कणकेचे दिवे लावले. मांडवात दोन हॅलोजन आणि समोर व्हिडिओवाल्यांचा पांढराफटक एलईडी. त्या झगमगाटात दिव्यांच्या ज्योती दिसतसुद्धा नव्हत्या. मी काही बोलू शकत नव्हते. आमच्या धंद्यात फोटोवाल्यानं, त्यातून मुलीनं, लाइट बंद करा म्हणायची सोय नसते, माणसं अंगावर येतात. मी फक्त तुमच्याकडे बघितलं. तुम्ही खुर्चीवरून उठलात. व्हिडिओवाल्या दादांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, ‘बाळा, तीन मिनिटं दे मला.’ आणि भिंतीला धरत धरत खांबामागच्या बोर्डापाशी गेलात.

मांडव काळोखात गेला. कुणीतरी ओरडलं, ‘अहो, लाइट गेली!’ तुमचा आवाज आला, ‘गेली नाही. मी घालवली आहे.’

तुमच्या सूनबाईंनी दुरडी विहीणबाईंच्या डोक्यावर धरली होती. ज्यांच्या डोक्यावर दिवे, त्यांचा चेहरा सावलीत होता. उजेड सगळा धरणारीच्या तोंडावर. पोर दुसऱ्यांच्या हवाली करणाऱ्या आईचा चेहरा, खालून, सोन्यासारखा उजळलेला, ओठ आवळलेले. बांबूच्या कडेवरची तिची बोटं लालसर दिसत होती, अगदी तुमच्या कॅलेंडरवरच्यासारखी. आयएसओ 3200, लेन्स 1.8 वर पूर्ण उघडी, श्वास रोखून धरलेला. अकरा फोटो काढले. सातवा आला आहे.

नंतर मी तुम्हाला शोधलं तेव्हा तुम्ही तिथेच खांबामागे होतात, बटणावर हात तसाच. मध्येच कुणी लाइट लावू नये म्हणून तुम्ही जागच्या हलल्या नव्हतात. आणि मग माझ्या लक्षात आलं की त्या खांबामागून काहीच दिसत नव्हतं. सख्ख्या नातीची झाल, आयुष्यात एकदाच होणारी, तुम्ही बघितलीच नाहीत. केळवणापर्यंत ओळखही नसलेल्या एका फोटोवाल्या मुलीचा फोटो चांगला यावा म्हणून. आणि वर मलाच म्हणालात, ‘जेवलीस का गं?’

अठरा हजार घेणाऱ्यांनी मला एक प्रश्न परत विचारायची हिंमत ठेवली नव्हती. तुम्ही एक रुपया न घेता घरचं कार्य सोडून माझ्यासाठी अंधारात उभ्या राहिलात. अशी माणसं असतात बाई, गावोगाव असतात, शाळेतून निवृत्त झाली तरी शिकवायची थांबत नाहीत, आणि त्यांची नावं कुठल्याही पोस्टरवर नसतात. तुमच्या हाताखालून गेलेल्या त्या सगळ्या मुलांचा मला हेवा वाटतो.

कॅमेरा विकलेला नाही. गेल्या रविवारी एक लग्न होतं, तिथे स्वयंपाकघराच्या खिडकीशी अर्धा तास नुसती उभी राहिले, उजेड कुठून येतोय ते बघत. सोबतचा मुलगा विचारत होता, ‘ताई, काय झालं?’

सातवा फोटो मोठा करून घेतला आहे, 12 बाय 18, मॅट कागदावर. अजून कुणालाच दाखवलेला नाही, सूनबाईंनासुद्धा नाही. येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं घेऊन येते. तुमची झाल बघायची राहिली आहे, ती आधी तुम्ही बघा.

तुमची,
फोटोवाली