मंत्रीमहोदय, टेकडी कोणत्या खात्याची?

मा. मंत्रीमहोदय यांस,
स. न. वि. वि.

परवा रात्री ओढा पुन्हा आमच्या घरात शिरला. ही तिसरी खेप. मागच्या खेपेला आपण स्वतः त्याच चिखलात उभे होतात आणि 'वरच्या टेकडीला हात लागणार नाही' असे चार माणसांसमक्ष म्हणाला होतात. शब्द पाळलात. हात लागला नाही, यंत्र लागले.

झाडे होती तेव्हा पाऊस आधी पानांवर पडायचा, मग पाचोळ्यावर, मग मुळांच्या वाटेने जमिनीत मुरायचा. आता तो उघड्या मातीवर आपटतो आणि तिलाच घेऊन खाली येतो. गाळाने ओढ्याचे पात्र भरले, म्हणून पाणी आमच्या उंबऱ्याच्या आत. आणि डोंगरात काही मुरतच नाही, म्हणून विहीर उन्हाळ्याआधीच तळ दाखवते. पावसाळ्यात बुडायचे, उन्हाळ्यात घागर घेऊन वणवण करायची. आईच्या खोलीतला गाळ मी दोन दिवस उपसतो आहे. तिला पलंगासकट उचलून बाहेर काढावे लागले.

तक्रार केली. झाडांचे खाते म्हणाले, पूर हा पाण्याचा विषय. पाण्याचे खाते म्हणाले, गाळ म्हणजे माती, ती आमच्याकडे नाही. मातीवाल्यांनी अर्ज आपत्तीवाल्यांकडे पाठवला. तिथून दोन ओळींचे उत्तर आले: 'सदर बाब नैसर्गिक आहे.'

नैसर्गिक! साहेब, निसर्गात अशी खाती नसतात. सहारातली धूळ अख्खा अटलांटिक ओलांडून ॲमेझॉनच्या जंगलात पडते. उपग्रहावरून काढलेला अंदाज वर्षाला सुमारे २ कोटी ८० लाख टनांचा आहे. त्यातले २२ हजार टनांच्या आसपास फॉस्फरस, म्हणजे जवळपास तेवढेच, जेवढे तिथला पाऊस धुऊन नेतो. वाळवंट जंगलाला खत घालते! आता ही धूळ कोणत्या टेबलावर ठेवणार? १९९१ साली फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला, त्याचा गंधकी धुरळा उंच वातावरणात पसरला आणि जगाचे सरासरी तापमान काही काळ सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. त्यासाठी त्याने कुणाचा ना हरकत दाखला घेतला होता असे ऐकिवात नाही.

खात्यांनी निसर्ग वाटून घेतला की काय होते, तेही झालेले आहे. नाईलवर आस्वानचे उंच धरण बांधले. वीज मिळाली, पाणी मिळाले, ते नाकारत नाही. पण पुराबरोबर येणारा गाळ धरणाच्या मागे अडकला. त्या गाळावर समुद्रातले सूक्ष्म जीव वाढायचे आणि त्यांच्यावर सार्डिन मासे. १९६५ नंतरच्या काही वर्षांत ती मासेमारी कोसळली, आणि मुखाकडचा किनारा समुद्र आजही खातो आहे. मध्य आशियातल्या अरल समुद्राच्या नद्या कापसाच्या शेतांकडे वळवल्या, समुद्र आटला, आणि तळाचे मीठ वादळांबरोबर त्याच शेतांवर उडू लागले. दोन्हीकडे फायली नीटच असतील, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

आपण हवामानबदलावर भाषणे फार छान करता. मग हेही ठाऊक असेल की हवा एक अंशाने तापली तर ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. म्हणजे ढग आता जास्त भरून येणार, आणि नेमक्या त्याच वेळी आपण त्यांच्याखालची टेकडी सोलून ठेवली. अतिवृष्टी नैसर्गिक असेलही, सोललेली टेकडी नैसर्गिक नाही. तिच्यावर कुणाची तरी सही आहे. त्या सहीखाली पुराचा, विहिरीचा, माझ्या आईचा रकाना नव्हता, म्हणून सही करणाऱ्याला रात्री झोप लागते. माणसे वाईट नसतीलही, पण प्रत्येकाने आपला रकाना भरायचा आणि शेजारच्या रकान्यात माणूस बुडाला तरी मान वर करायची नाही, ही शिस्त यांना शिकवली कुणी?

मागण्या दोनच होत्या, त्या लिहायच्या राहिल्या. टेकडीवरचे काम आज थांबवा. ओढ्यातला गाळ पुढच्या पावसाआधी काढा. समिती नको.

आपला,
एक बुडीत नागरिक

ता. क. मागच्या अर्जाला जोडलेले फोटो परत मिळाले तर बरे होईल. माझ्याकडच्या प्रती परवा वाहून गेल्या.