'तयार' लिहिलेल्या चिठ्ठ्या

चि. सोनू हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या प्रदर्शनातून न सांगता निघून आलो. तुझी आई रस्ताभर एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "पत्र लिहा. फोनवर तुम्ही दोघं भांडता. आणि त्यात खोकल्याचं काढू नका." म्हणून लिहितो आहे. खोकल्याचं काढणार नाही.

आधी माझी चूक. चार लोकांत आवाज चढवायला नको होता, तुझ्या सरांसमोर तर नकोच. पण भिंतीवरच्या पाटीवर 'टाकाऊ वस्तू' असं वाचलं आणि माझा ताबा सुटला. ते माझ्या दुकानातले 31 टीव्ही सेट टाकाऊ नव्हते गं. एकूण एक मी दुरुस्त केलेला होता. कुणाचा फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर गेलेला, कुणाचा नुसता ड्राय सोल्डर, म्हणजे सैल झालेला टाका, एकात पालीनं संसार मांडलेला. काम झालं की चिठ्ठीवर 'तयार' लिहायचं आणि सेट फळीवर सरकवायचा. मालकांनी यायचं तेवढं बाकी होतं. ते आले नाहीत, कारण तोवर घरी नवा आला होता. एकाला मी तीनदा फोन केला. तिसऱ्या वेळी म्हणाले, "अजून आहे का तो तुमच्याकडे?" जणू मीच काही लपवून ठेवलं होतं.

तू म्हणालीस, "लोकांनी टाकला म्हणजे टाकाऊ, बाबा. तो चालतो की नाही हे कुणी विचारतच नाही, तेच तर दाखवायचंय." तेव्हा ते उलट उत्तर वाटलं. रात्री दोन वाजता लक्षात आलं की तू माझीच बाजू मांडत होतीस. निदान बरीचशी.

तू लोकांना त्या बल्बवाल्यांची गोष्ट सांगत होतीस ना, 1924 साली जिनिव्हात कंपन्यांनी एकत्र बसून बल्बचं आयुष्य हजार तासांवर आणलं आणि जास्त चालणारा बल्ब काढणाऱ्याला दंड लावला, ती मी मागे उभं राहून ऐकली. छान सांगितलीस. त्यात माझी एक भर घाल. पूर्वी बऱ्याच सेटांच्या मागच्या झाकणाला आतून सर्किटचा नकाशा चिकटवलेला असायचा. कधीतरी हा बिघडणार, कुणीतरी उघडणार, त्याला वाट दिसावी म्हणून बनवणाऱ्यानंच ठेवलेला. आता मोबाइलची बॅटरीसुद्धा डिंकानं चिकटवतात. नकाशा निघून गेला आणि डिंक आला. माझ्या धंद्याची हकीकत एवढीच.

पण एक सांग, तू पिक्चर ट्यूब उतरवताना वरची रबरी टोपी काढण्याआधी डिस्चार्ज करतेस ना, आत साठलेली वीज उतरवतेस ना? माझे सेट वर्षानुवर्षं बंद होते, त्यांत काही उरलेलं नसणार. भंगारातून आणतेस तो काल संध्याकाळपर्यंत कुणी बघत होतं की काय, तुला काय माहीत? रंगीत ट्यूबवर 25 हजार व्होल्टपर्यंत असतात आणि प्लग काढल्यावरही ते दिवसेंदिवस बसून राहतात. आणि ती काचांची लादी केलीस, त्यासाठी ट्यूब हातोडीनं फोडलीस का? त्या काचेत शिसं असतं. आतली पांढरी भुकटी फुंकरीनं उडवायची नाही. तारांवरचं प्लास्टिक जाळून तांबं काढायचं तर अजिबात नाही, तो धूर छातीत

हे बघ, आलोच तिथं. सोडतो.

तू दिलेलं पुस्तक वाचलं. पिकासोनं 1942 मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं, ते मला लगेच पटलं. त्या लंडनच्या मायकेल लँडीचं मात्र पचलं नाही. 2001 साली त्यानं आपल्या मालकीच्या 7,227 वस्तूंची यादी केली आणि सगळ्यांच्या सगळ्या यंत्रात घालून नष्ट केल्या. त्यात वडिलांचा कोटही होता. तू म्हणशील, मुद्दा तोच आहे. असेल. पण मी ते पान उलटं करून ठेवलं आणि माळ्यावर जाऊन आलो, आपलं काय काय शिल्लक आहे ते बघायला.

मला नेकचंद जवळचे वाटले. चंदीगढला रस्त्यांचे निरीक्षक होते. फुटक्या बांगड्या, कपबश्या, पाडलेल्या घरांचा राडारोडा गोळा करून अनेक वर्षं गुपचूप ती रॉक गार्डन नावाची बाग उभी केली, 1976 मध्ये ती लोकांना खुली झाली. नोकरी सांभाळून केलं हे सगळं, सोनू. सकाळी काम, उरलेल्या वेळात कला. तुलाही एखादी अर्धवेळ नोकरी, निदान शाळेत चित्रकलेची... नको, खोडत नाही, पण वाचलं नाहीस तरी चालेल. दादाला मी असंच सांगत बसलो आणि त्याचं काय झालं ते आपण पाहतोच आहोत.

आता खरं लिहितो, आईला दाखवू नकोस. तू चार-पाच वर्षांची असताना माझ्या टेबलाशेजारी स्टुलावर बसायचीस. सोल्डर करताना निघणारा राळेचा धूर नेमका तोंडाकडेच येतो. तो आला की तू "मी घालवते" म्हणून गाल फुगवून फुंकायचीस, आणि फुंकण्याआधी मोठा श्वास घ्यायचीस. मला कौतुक वाटायचं. पंखा लावायचं सुचलं नाही, कारण पंख्यानं सोल्डरिंगचं आयर्न थंड होतं. राळेच्या धुरानं दमा होतो हे मला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तू कॉलेजात होतीस. परवा भाषणात तू तीनदा थांबलीस. लोकांना वाटलं, गहिवरलीस. मी तो खोकला ओळखला. माझाच आहे तो, तसाच कोरडा, शेवटी शीळ घालणारा. मग पाटी दिसली आणि मी पाटीवर ओरडलो.

एकदा छाती दाखवून ये. एवढंच. पुन्हा नाही लिहिणार.

गर्दी बरीच होती. एक मुलगा माझ्या अक्षरातल्या 'तयार'चा फोटो काढत होता. मी त्याला सांगितलं नाही, पण जरा जवळ जाऊन उभा राहिलो.

अजून एक. डावीकडून चौथा सेट, लाकडी कॅबिनेटचा. त्याची चिठ्ठी खोटी आहे. तो झालाच नव्हता. मालकीणबाई रोज विचारायच्या म्हणून मी 'तयार' लिहून ठेवलं, रात्री बसून करू म्हटलं, आणि त्या आल्याच नाहीत. तुझ्या भिंतीवर तो खोटा नको. मंगळवारी दालन बंद असतं ना? तेव्हा येतो. आयर्न माझं आणतो. पंखा तू लाव.

तुझा,
बाबा